काटा चालू, पावती बंद : एका साखर कारखान्याचे प्रकरण

हे प्रकरण गोदाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, तिथली ऊस वजनाची संगणक प्रणाली बंद पडली आणि चार दिवस बंद राहिली. गाळप मात्र चालूच होते. त्या चार दिवसांत कोणी काय ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले आणि झळ कोणाला बसली, ते इथे मांडले आहे. कारखाना, गावे आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

मी सहकारी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. त्या निमित्ताने काट्यावरचे लिपिक, शेतकी विभाग, लेखा विभाग, मुकादम (ऊसतोड टोळ्यांचे प्रमुख) आणि ऊस उत्पादक अशा सगळ्यांशी बोलून हे लिहिले आहे. संगणक बंद पडला तर काय, हा प्रश्न आपल्याकडे अजून संगणक विभागाचाच समजला जातो. या कारखान्यात तो दोन दिवसांत ऊसतोड मजुराच्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचला.

पार्श्वभूमी

कारखान्याची गाळप क्षमता रोज साडेतीन हजार टनांची. ऊस ट्रक, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि बैलगाड्यांनी येतो. लागवडीची नोंद गट कार्यालयात होते. लागवडीची तारीख आणि उसाची जात, म्हणजे को ८६०३२ आहे की फुले २६५, यावरून तोडणी कार्यक्रम लागतो. नंबर आला की चिटबॉय, म्हणजे तोडणीवर लक्ष ठेवणारा कारखान्याचा माणूस, फडात जातो, टोळीला तोड देतो आणि मोबाइलवर गाडीची स्लिप काढतो. गाडी आली की गेटवर बारकोड वाचला जातो, भरलेल्या गाडीचे वजन होते आणि गाडी केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्यांच्या तळावर, रांगेला लागते. गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या पडल्या की मोकळी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी होते, पावती छापली जाते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो.

पुढचे सगळे त्या पावतीवर उभे असते. पंधरवड्याचे ऊस बिल, वाहतूकदाराचे बिल, टोळीची मजुरी, मुकादमाचे कमिशन, सोसायटीच्या पीककर्जाची कपात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराची) रक्कम द्यावी लागते. उशीर झाला तर थकीत रकमेवर १५ टक्के वार्षिक व्याज. त्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३०५ रुपये होती. म्हणजे पंधरा टनांच्या एका जोडट्रॉलीची पावती, तोडणी-वाहतूक वजा करण्याआधी, पंचेचाळीस हजारांच्या पुढची असते. दोन-अडीच एकरवाल्यासाठी वर्षाचा मोठा हिस्सा अशा थोड्याच पावत्यांत असतो.

पाच हंगामांपूर्वी हे सगळे हाताने चालायचे. मग संगणक प्रणाली आली आणि काम खरोखर सुधारले. पावतीवरच्या खाडाखोडी थांबल्या, बिले वेळेवर निघू लागली, शेतकऱ्याला घरबसल्या वजन कळू लागले. हे सांगणे गरजेचे आहे, कारण बिघाडानंतर "जुनेच बरे होते" असे बरेच जण म्हणाले. जुने बरे नव्हते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, काटामारीचा, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवण्याचा, संशय. साखरपट्ट्यात हा संशय पिढ्यान् पिढ्यांचा आहे. काट्यांची तपासणी वैधमापन यंत्रणा करते, हंगामात भरारी पथके फिरतात, तरी शेतकरी काट्याच्या खिडकीशी उभा राहून आकडा डोळ्यांनी बघतो. दुसरी, आधीच्या म्हणजे २०२१-२२ च्या हंगामाची आठवण. त्या वर्षी राज्यात विक्रमी ऊस झाला आणि मराठवाड्यात तो मे संपून जून उजाडला तरी फडात उभा होता. सरकारला १ मे २०२२ पासून गाळल्या जाणाऱ्या उसासाठी टनाला २०० रुपये उताराघट अनुदान आणि लांबच्या वाहतुकीसाठी वेगळे अनुदान द्यावे लागले. तोड मिळावी म्हणून लोक हातापाया पडले, काहींनी ऊस पेटवून दिला. त्यामुळे "माझा नंबर कुठे आहे" या प्रश्नाला जानेवारी २०२३ मध्ये फार धार होती.

त्या रात्री काय झाले

मंगळवारी पहाटे एकच्या सुमारास काट्याच्या इमारतीची वीज तीन-चारदा गेली-आली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या. सर्व्हर झटक्यात बंद पडला. वीज स्थिरावल्यावर तो पुन्हा सुरू झाला, पण डेटाबेस उघडेना. काट्यावरच्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती आणि ती त्या क्षणी कोणाच्या लक्षात आली नाही. काटा बिघडलेला नव्हता. प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल (वजन मोजणारी उपकरणे) आणि भिंतीवरचा वजनदर्शक संगणकावर अवलंबून नसतात. गाडी चढवली की लाल आकडे बरोबर उमटत होते. बंद पडली होती ती नोंद.

केनयार्डात तेव्हा पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. त्यांची भरलेली वजने झाली होती आणि ती फक्त सर्व्हरमध्ये होती. पहिल्या वजनाची चिठ्ठी छापायची पद्धत नव्हती. कागद वाचवण्यासाठी दोन हंगामांपूर्वी ती बंद केली होती. यार्ड सुपरवायझरला कोणी काही कळवले नाही. त्याने नेहमीप्रमाणे गाड्या गव्हाणीकडे सोडल्या. पाऊण तासात नऊ गाड्या मोकळ्या झाल्या. त्या नऊ गाड्यांतला ऊस मिलमधून गेला, रस झाला, आणि त्याचे वजन कोणालाच माहीत नव्हते.

पहिल्यांदा लक्षात आले ते एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या. मोकळी ट्रॉली काट्यावर लावून तो खिडकीशी आला आणि पावती मागू लागला. लिपिक म्हणाला, "थांब जरा, नेट गेलंय." ड्रायव्हर म्हणाला, "नेट गेलं तर माझं भरीव वजन कुठंय? ते सांगा, मी लिहून घेतो." लिपिकाने पुन्हा पडद्याकडे पाहिले. त्यानंतर त्याने यार्डात फोन केला आणि गव्हाणीकडे जाणाऱ्या गाड्या थांबवल्या.

बॅकअपचे काय, हा प्रश्न अर्थात लगेच आला. रोज रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप होत असे, पण तो त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर. ती डिस्क भरून गेली होती आणि बॅकअप होत नसल्याचा संदेश रोज येत होता. तो ज्या ई-मेल पत्त्यावर जायचा, तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता. बाहेरची एक प्रत दर रविवारी हार्ड डिस्कवर घेऊन लेखा विभागाच्या कपाटात ठेवत. मधला एक रविवार चुकला होता. हाताशी असलेली शेवटची चांगली प्रत नऊ दिवस जुनी होती. नऊ दिवसांचा ऊस म्हणजे सुमारे ३० हजार टन. एफआरपीच्या मूळ दराने नऊ कोटींच्या वरचा हिशेब.

अडचण नेमकी कोणती

वरवर बघता अडचण एकच, संगणक बंद. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी एकाच वेळी अडल्या होत्या आणि प्रत्येकीची घाई वेगळी होती.

पहिली, येणाऱ्या उसाचे वजन आणि पावती. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा लागतो. पुढे तो सुकतो, वजन घटते, साखर उतरते. दुसरी, झालेल्या नऊ दिवसांचा हिशेब. याला थोडा वेळ होता, पण १४ दिवसांची मुदत डोक्यावर होती. तिसरी, तोडणी कार्यक्रम. उद्या कोणाच्या फडात कोयता लागणार, ही यादीही त्याच सर्व्हरवर होती. चौथी, टोळ्यांची खर्ची. मजुरांना आठवड्याच्या बाजारासाठी झालेल्या खेपांवर उचल मिळते, ती गुरुवारी वाटायची होती. शुक्रवारी बाजार, शनिवारी भोगी, रविवारी संक्रांत.

पहाटेच्या बैठकीत चर्चा झाली ती पहिल्या दोन गोष्टींचीच. तिसरी आणि चौथी कोणी काढलीही नाही. ज्यांचे काम त्यांवर अडणार होते, त्यांतले कोणी त्या खोलीत नव्हते.

पुढे आलेले पर्याय

कार्यकारी संचालक पहाटे साडेतीनला काट्यावर पोहोचले. त्यांच्यापुढे चार मार्ग होते.

आवक थांबवायची आणि संगणक कंपनीच्या माणसाची वाट बघायची, हा पहिला. तो पुण्याहून यायचा होता, दुपारआधी पोहोचणार नव्हता आणि आल्यावर किती वेळ लागेल हे फोनवर सांगत नव्हता. तोपर्यंत मिल "नो केन"मध्ये बंद पडली असती. बॉयलर थंड करून पुन्हा चढवणे, वाटेतला रस खराब होणे, सहवीजनिर्मिती थांबणे हे वेगळेच. रस्त्यावरचा ऊस उन्हात सुकला असता तो शेतकऱ्याचा.

दुसरा मार्ग, गाड्या शेजारच्या खासगी कारखान्याकडे वळवायच्या. शेतकी अधिकाऱ्याने तो लगेच खोडून काढला. तिकडे त्या उसाची नोंद नव्हती, करार नव्हता, वाहतूकदारांची उचल (आगाऊ रक्कम) इथली होती.

तिसरा, एका सुट्या संगणकावर एक्सेलमध्ये नोंदी करायच्या. संगणक विभागाचा प्रमुख याच्या बाजूने होता. हा मार्ग आकर्षक होता, कारण नंतर नोंदी प्रणालीत चढवणे सोपे गेले असते. पण एक्सेलमधला आकडा कोणीही केव्हाही बदलू शकतो आणि बदलल्याची खूण राहत नाही. ज्या आवारात काटामारीचा शब्द हवेतच असतो, तिथे हे परवडणारे नव्हते. माझ्या मते त्या पहाटेचा सगळ्यात चांगला निर्णय म्हणजे हा पर्याय नाकारणे.

चौथा मार्ग, वजनदर्शकावरचा आकडा बघून हाताने पावती लिहायची. तो स्वीकारला गेला.

केलेली कृती

पहिले काम यार्डातल्या गाड्यांचे. ज्या अजून भरलेल्या होत्या, त्या सगळ्या पुन्हा काट्यावर घेतल्या. यात दोन तास गेले, ड्रायव्हर वैतागले, पण चाळीसहून अधिक खेपा वाचल्या.

पावत्यांचा प्रश्न अवघड निघाला. छापील पावतीपुस्तके चार हंगामांपूर्वीच रद्दीत गेली होती. सध्याच्या काटा लिपिकांपैकी एकानेही हाताने पावती लिहिलेली नव्हती. दोन हंगामांपूर्वी निवृत्त झालेल्या काटाप्रमुखाला फोन केला. त्यांनी फोनवरच नियम सांगितले, ते लिपिकाने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले, ते पान मी पाहिले आहे. प्रत्येक काट्याची क्रमांकमालिका वेगळी. मधला क्रमांक कोरा सोडायचा नाही. चुकला तर आडवी रेघ मारून "रद्द" लिहायचे, पान फाडायचे नाही. वजन आकड्यांत आणि अक्षरांत. भरलेले वजन लिहिले की तिथल्या तिथे पहिली चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात. आणि दोन माणसे : एक वाचणारा, एक लिहिणारा, लिहिणाऱ्याने मोठ्याने परत वाचून दाखवायचे.

तीन प्रतींसाठी कार्बन पेपर हवा होता. कारखान्याच्या भांडारात तो नव्हता. तालुक्याच्या गावी एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या चालकाला पहाटे उठवून त्याच्याकडचे दोन डबे आणले. सकाळी सातपर्यंत साध्या वह्यांना हाताने क्रमांक घालून काटा सुरू झाला.

आठच्या सुमारास गेटवर गर्दी जमली. "संगणक मुद्दाम बंद केला" ही बातमी तोवर गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत होती. कारखान्याने अधिकृतपणे कोणाला काही सांगितले नव्हते. सुरक्षा अधिकाऱ्याचे म्हणणे होते की पोलीस बोलवावेत. कार्यकारी संचालकांनी ते ऐकले नाही. ते गर्दीत गेले आणि तीन गोष्टी जाहीर केल्या. प्रत्येक काट्यावर प्रत्येक पाळीत रांगेतलेच दोन शेतकरी बसतील आणि पाळी संपल्यावर रजिस्टरवर सही करतील. ज्याला शंका असेल त्याने बाहेरच्या काट्यावर वजन करून यावे, फरक निघाला तर जागेवर तपासू. आणि हरवलेल्या नऊ खेपांचे काय झाले, ते लपवले जाणार नाही.

तिसऱ्या गोष्टीने लोक शांत झाले, असे तिथे हजर असलेल्या तिघांनी मला वेगवेगळे सांगितले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे शब्द असे : "साहेब, हरवलं म्हणून सांगितलं, तिथंच आमाला पटलं. नसतं सांगितलं तर आमी शंभर खेपा हरवल्या म्हणलो असतो."

नऊ खेपांसाठी ठरले ते असे. त्या-त्या गाडीच्या हंगामातल्या आधीच्या पाच पावत्या ड्रायव्हरकडून किंवा मुकादमाकडून घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची आणि ती शेतकऱ्याला मान्य असेल तर सही घ्यायची. मूळ नोंद पुढे मिळाली आणि वजन जास्त निघाले तर फरक द्यायचा. कमी निघाले तर वसूल करायचा नाही. आठ जणांनी सही केली. नवव्याचे म्हणणे होते की त्याचा ऊस नेहमीपेक्षा भारी होता आणि ट्रॉली वरपर्यंत भरली होती. त्याचे प्रकरण राखून ठेवले.

नऊ दिवसांच्या हिशेबासाठी लेखा विभागाने एक साधी गोष्ट केली. शेतकऱ्यांकडे छापील पावत्या होत्या, मोबाइलवर मेसेज होते. गट कार्यालयांतून निरोप गेला की पावत्या घेऊन या. सगळ्यात पक्की नोंद निघाली ती मुकादमांच्या वह्यांत. मी पाहिलेली एक वही शंभर पानी होती, कोपरे उसाच्या रसाने चिकटलेले. प्रत्येक ओळीत तारीख, गाडीचा शेवटचा चार आकडी नंबर, शेतकऱ्याचे नाव, वजन आणि पुढे किती कोयते (तोडणारी जोडपी) होते ते. टोळीतल्या प्रत्येक जोडप्याचा वाटा त्यावर ठरत असल्याने त्यात एक खेपही सुटलेली नव्हती.

खर्ची

बुधवारी संध्याकाळी एका मुकादमाने शेतकी कार्यालयात विचारले, उद्याची खर्ची मिळणार ना? लेखा विभागाचे उत्तर होते की खेपांचा हिशेब संगणकात आहे, संगणक सुरू झाला की देऊ. नियमाने ते बरोबर होते. पण टोळ्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडून आलेल्या. पालात राहणारी माणसे. गावात उधारी नाही, ओळख नाही. खर्ची नाही म्हणजे आठवडाभराचे पीठ-मीठ नाही, आणि संक्रांत तोंडावर.

मुख्य शेतकी अधिकाऱ्याने गुरुवारी दुपारी स्वतःच्या सहीने आदेश काढला : मुकादमाची वही आणि चिटबॉयची सही जुळली तर नेहमीच्या खर्चीच्या ऐंशी टक्के रोख द्या, बाकी नंतर. लेखा विभागाने आक्षेप नोंदवून पैसे दिले. शुक्रवारी सकाळपर्यंत वाटप चालले. तीन टोळ्यांना मात्र बाजार उठून गेल्यावर पैसे मिळाले, कारण त्यांचे चिटबॉय रजेवर होते आणि सही कोणी करायची हे ठरलेले नव्हते.

हा निर्णय बुधवारीच, विचारण्याआधी, व्हायला हवा होता. मंगळवारी पहाटेच्या बैठकीत एक मुकादम असता तर झाला असता.

तोडणी कार्यक्रम

सगळ्यात मोठे नुकसान इथे झाले आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

कारखान्याचे नऊ गट. त्यांतल्या चार गटांत शेतकऱ्यांच्या आग्रहामुळे दर पंधरवड्याला तोडणी कार्यक्रम छापून कार्यालयाच्या भिंतीवर लावत. तिथे चार दिवस काही गडबड झाली नाही. चिटबॉय भिंतीवरची यादी वाचून तोड देत राहिले. उरलेल्या पाच गटांत यादी फक्त मोबाइलवर होती आणि मोबाइल सर्व्हरला जोडलेला. तिथे चिटबॉयला आठवेल तसे, आणि खरे सांगायचे तर ज्याचा फोन येईल तसे, काम झाले. फोन करू शकणारे कोण असतात हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही.

एका गावात एकल बाईचा सव्वा एकर ऊस होता. मंगळवारी तिचा नंबर होता. टोळी पलीकडच्या मोठ्या फडात गेली. ती गट कार्यालयात गेली तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, यादी संगणकात आहे, संगणक बंद आहे." तिचा नंबर होता हे सिद्ध करायला तिच्याकडे काही नव्हते. तोड मिळाली ती महिनाअखेर. तोपर्यंत पाण्याची पाळी चुकलेली, उसाला तुरे आलेले.

पाच गटांत अशा किती जणांचे नंबर मागे गेले, हे नंतर जुनी यादी आणि प्रत्यक्ष तोडणी जुळवून पाहिले तेव्हा कळले. ज्यांचे मागे गेले, त्यांत दोन एकरांखालचे जास्त होते. ज्यांचे पुढे आले, त्यांत तसा एकही नव्हता.

परिणाम

गाळप पहिल्या दिवशी बरेच घसरले, नंतर सावरले. मिल एकदाही पूर्ण थांबली नाही. गुरुवारी नवा सर्व्हर लागला, त्यावर नऊ दिवस जुनी प्रत चढवली आणि शुक्रवारी रात्रीपासून नव्या खेपा संगणकावर सुरू झाल्या. त्यानंतर दोन दिवस हाताची पावती आणि संगणकाची पावती दोन्ही चालवल्या. लिपिकांना हे दुप्पट काम वाटले, पण त्यातूनच नव्या सर्व्हरवर एका काट्याची घड्याळाची वेळ चुकीची असल्याचे सापडले.

हाताने लिहिलेल्या हजारेक पावत्या प्रणालीत भरताना सर्वांत जास्त घोळ वजनाचा झालाच नाही. घोळ नावांचा झाला. एकाच गावात एकाच नावा-आडनावाचे दोन-तीन उत्पादक असतात, आणि गडबडीत पावतीवर उत्पादक क्रमांक लिहायचा राहून गेला होता. वजाबाकीच्या चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

जुन्या डिस्कवरचा डेटा पुण्यातल्या एका संस्थेने जवळपास सगळा परत मिळवून दिला. नऊपैकी सात खेपांची मूळ वजने सापडली. सहांमध्ये सरासरीशी फरक किरकोळ होता. सातवी खेप त्या सही न करणाऱ्या शेतकऱ्याची. त्याचे खरे वजन सरासरीपेक्षा एक टनाहून जास्त होते. त्याला फरकासह बिल मिळाले. तो पंधरवडा १४ दिवसांच्या मुदतीत बसला नाही; उशिराचे व्याज देण्याचा ठराव संचालक मंडळाने केला.

तोडणी कार्यक्रमात मागे गेलेल्यांना काही मिळाले नाही.

वेगळे काय करता आले असते

बॅटऱ्या बदलायला हव्या होत्या, बॅकअप दुसऱ्या इमारतीत हवा होता, हे सगळ्यांनी मान्य केले आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. बॅकअप घेणे आणि तो उघडून बघणे ही दोन वेगळी कामे आहेत. इथे दुसरे काम कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते, एवढे नोंदवतो.

माझ्या दृष्टीने निर्णायक होता तो पहिला पाऊण तास. लिपिकाला वाटले नेट गेले आहे, दोन मिनिटांत येईल. असे वाटणे स्वाभाविक आहे. रोज दोन-तीनदा तसे होतच होते. गरज होती ती ठरलेल्या वेळेची : पाच मिनिटांत पडदा आला नाही तर यार्डात फोन, गव्हाणीकडची रांग बंद. हा नियम लिहून भिंतीवर लावायला काही खर्च नाही. आणि भरलेल्या वजनाची चिठ्ठी बंद केली नसती तर नऊ खेपांचा प्रश्नच उभा राहिला नसता. तो कागद वाचवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी ती चिठ्ठी म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला पुरावा आहे असा विचार केला नव्हता.

सकाळी आठपर्यंतचे मौनही महागात पडले असते. कार्यकारी संचालकांनी गर्दीत जाऊन सावरले, पण पाच वाजताच गट कार्यालयांना एक संदेश गेला असता तर गर्दी जमलीच नसती.

तोडणी कार्यक्रमाबाबत मी जरा कडक बोलतो. प्रणाली आणताना तिचा गौरव असा केला गेला की आता वशिला चालणार नाही. ती चालू असताना ते खरेही होते. पण नंबराची यादी एका खोलीतल्या यंत्रात बंद करून शेतकऱ्याच्या हाती काहीच ठेवले नाही, तर यंत्र बंद पडले त्या दिवशी वशिल्याला रान मोकळे मिळते. चार गटांच्या भिंतींवरच्या छापील यादीने हे शेजारच्या गटांतच रोखून दाखवले.

ही गोष्ट एका कारखान्यापुरती नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या नोंदी दोन आठवड्यांच्या आसपास हाताने कराव्या लागल्या. ते वाचून या कारखान्यात कोणाला आपला काटा आठवला नव्हता. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस, लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीचा सायबर हल्ला झाला आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँका काही काळ देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडाव्या लागल्या. ऊस बिल जमा होते ते अशाच बँकांत. काटा, कारखाना, बँक यांतले नेमके काय थांबले, याने शेतकऱ्याला फरक पडत नाही; त्याच्या खात्यात पैसे आलेले नसतात.

पुढच्या हंगामापासून काय बदलले

भरलेल्या वजनाची चिठ्ठी पुन्हा सुरू झाली. दर सोमवारी नऊही गटांत तोडणी कार्यक्रम छापून लागतो आणि त्याच्या खाली गटप्रमुखाची सही असते. क्रमांक घातलेली पावतीपुस्तके आणि कार्बन पेपर काट्याच्या कपाटात आहेत. मोळी टाकण्याआधी, म्हणजे हंगामाचे गाळप सुरू होण्याआधी, एक दिवस तिन्ही पाळ्यांचे लिपिक संगणक बंद ठेवून हाताने पावत्या करतात. निवृत्त काटाप्रमुख त्यासाठी येतात. उत्पादक क्रमांक असलेले कार्ड प्रत्येक शेतकऱ्याला दिले आहे. खर्चीचा नियमही लिहिला गेला : नोंद बंद असली तरी मुकादमाची वही आणि चिटबॉय किंवा गटप्रमुख यांच्यापैकी एकाची सही पुरेशी.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड अजून फक्त संगणक कंपनीकडे आहे. मंगळवारी पहाटे तो हाताशी असता तर निदान शेवटच्या नोंदी वाचायचा प्रयत्न करता आला असता, असे संगणक विभागाचा प्रमुख सांगतो. करारात तो कारखान्याला मिळावा अशी मागणी गेली आहे. कंपनी जबाबदारीचा मुद्दा काढून टाळते आहे. दुसरी, नंबर मागे गेलेल्या उत्पादकांना नुकसानभरपाई द्यावी असा अर्ज पाच गटांतल्या लोकांनी मिळून वार्षिक सभेत दिला होता. त्यावर शेतकी समितीचा अहवाल मागवला आहे, आणि मी हे लिहीपर्यंत तो आलेला नाही.